पहूरच्या वॉफलमध्ये अंडं नव्हतं

गव्हाचं बारीक चाळलेलं पीठ, त्याच्या निम्मं मक्याचं पीठ, आंबट दही, साल काळी पडेपर्यंत पिकलेली केळी, गूळ, मीठ, घरचं लोणी आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. आमच्या घरच्या वॉफलमध्ये एवढंच असायचं. अंडं नव्हतं. हे इतक्या वर्षांनी सांगतो आहे, कारण सांगायची वेळ होती तेव्हा कोणी विचारलंच नाही. धुळ्याहून माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या मंडळींनी ते वॉफल पोटभर खाल्ले, उरलेले बांधून नेले, आणि मग आम्ही त्यांना अंडं खाऊ घातलं असं नातेवाइकांत सांगितलं.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि सुट्टीला पहूरला घरी यायचो. थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणायचो. भुसावळला मामांकडे राहून ती बी.ए. झाली होती. मामा रेल्वेत. त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एका इंजिन ड्रायव्हरची विधवा राहत असे, अँग्लो-इंडियन. त्या बाई सामानसुमान विकून ऑस्ट्रेलियाला मुलाकडे जायला निघाल्या, तेव्हा त्यांनी वॉफलचा साचा अक्काला दिला. बिडाचा, जड, पुस्तकासारखा उघडणारा, आतून चौकड्याचौकड्यांचा, दोन लांब दांड्यांचा. अक्काने विचारलं, अंड्याशिवाय होईल का? बाई म्हणाल्या, मुळीच होणार नाही.

आई माळकरी. साचा तिने उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. अंगणात गोवऱ्या रचल्या, त्यात तो ठेवला आणि लाल होईपर्यंत जाळला. गार झाल्यावर राखेने घासला, चिंचेने घासला, तीळतेल चोळून उन्हात ठेवला. मग म्हणाली, "लोखंडाले आगीतून काढलं का झालं. आता तो माह्या तव्यासारखा." आमच्याकडे हीच रीत आहे. जुनं भांडं परक्या घरून आलं तर पितळेला चिंच, मातीचं असेल तर फोडून टाकायचं, आणि लोखंडाला विस्तव. त्यानंतर त्या साच्यावर शंका घ्यायला आमच्या घरात कोणाला जागा उरली नव्हती.

अंड्याशिवाय वॉफल करायला अक्काला बरेच रविवार लागले. सुरुवातीला पीठ साच्याला धरायचं आणि झाकण उघडलं की वॉफल मधोमध फाटून निम्मा वर, निम्मा खाली. ते तुकडे आम्ही खरवडून खाल्ले. मग तिने जिलबीच्या पिठासारखं दह्यात रात्रभर आंबवून पाहिलं. फुललं, पण लिबलिबीत झालं. मक्याचं पीठ घातल्यावर कुरकुरीत झालं आणि रंग पिवळा आला. केळं कुस्करून घातल्यावर ते फाटायचं थांबलं. त्या दिवशी पहिला वॉफल साच्यातून अखंड सुटला. अक्का तो ताटात घेऊन ओट्यावर आली आणि आबांसमोर ठेवला. आबा म्हणजे आमचे वडील. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला.

"हे खायचं का खिडकीले बसवायचं?"

आईने त्याला चौकडीचं धिरडं असं नाव दिलं आणि घरात तेच चाललं.

वर घालायला फळं. हिवाळ्यात पपई, पेरू, जामनेरकडची मोसंबी. मोसंबीच्या फोडी अक्का पांढरी साल काढून सोडवायची, नुसता गर राहील अशा. त्यावर गुळाचा वेलची घातलेला पाक आणि घोटलेली साय. आणि केळी. आमची केळीची बाग होती, तरी घरात पिकलेलं केळं मिळणं अवघड होतं. घड कच्चाच कापला जातो, ट्रकवर चढतो, पुढे वॅगनमधून उत्तरेकडे जातो. घरच्यांच्या वाट्याला ट्रकवाल्याने नाकारलेलं येतं. अक्काने हे बदललं. चांगल्या घडातल्या दोन फण्या ती आधीच कापून घ्यायची आणि कोठीत कडब्याखाली पिकत घालायची. आबा कुरकुरायचे, "पहिल्या नंबरचा माल कडब्यात लोटती पोरगी." पण दर रविवारी पहिला घास त्यांचाच असायचा.

धुळ्याचं स्थळ आणलं ते आबांच्या लांबच्या चुलतभावाने. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. मुलगा सरकारी खात्यात इंजिनिअर, घर धुळ्यात, शेती गावाकडे. घरात शब्द चालतो तो मुलाच्या आत्याचा, हेही नानांनी आधीच सांगितलं होतं. आणखी एक गोष्ट सांगितली होती. "पोहे नका करू. पोहे पाहून पाहून कटाळले ते लोक. पोरीले काही नवीन येत आसंल त ते करा."

म्हणजे नवीन काही करा, हे मागणं त्यांचंच होतं.

जानेवारीतला रविवार. मंडळी भाड्याच्या जीपने सकाळी आली: मुलगा, त्याचे आईवडील, आत्या आणि नाना. बैठकीत पाट मांडले होते. अक्का आत चुलीपाशी, आई साय घोटत, मी ताटं नेत होतो. आईने पोहेही करून ठेवले होते, न जाणो. त्यांना शेवटपर्यंत कोणी हात लावला नाही.

आत्या साठीच्या, ठेंगण्या, गळ्यात माळ. वॉफल पाहून त्यांनी बोट चौकडीत घालून पाहिलं. "हाई काय शे वं माय? मधमाशीनं पोळं का काय?"

सगळे हसले. अक्का दारात येऊन म्हणाली, "त्या चौकड्यांत पाक भरा, मग फळं घाला."

आत्यांनी पाक भरला. खाल्ला. बोटं चाटली. मग, "मस्त लागस वं. अजून एक टाक."

अजून एक, मग अजून एक. मुलाने चार खाल्ले, हे मला आठवतं, कारण चौथ्याला त्याचे वडील म्हणाले, "अरे, पोरगी पाहाले उना का खाणावळम्हा?" मुलाची आई मात्र फार बोलली नाही. तिने एक वॉफल हळूहळू खाल्ला आणि मोसंबीची फोड उचलून निरखली, साल कशी काढली असेल हे पाहत असावी.

मग नेहमीचे प्रश्न. शिक्षण किती, स्वयंपाक कोणी शिकवला, शेतात जाण्याची सवय आहे का. आत्यांनी विचारलं, हा साचा कुठला? अक्काने जे होतं ते सांगितलं: भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एका बाईंनी जाताना दिला. आईने पुढे सांगितलं की आपण तो गोवऱ्यांत जाळून घेतला आहे. आत्यांनी मान हलवली. निघताना उरलेलं सगळं मागत म्हणाल्या, "रस्ताले बांधी दे वं पोरी. बठ्ठं शिल्लक शे ते दी टाक."

आईने स्टीलचा पुडाचा डबा भरून दिला. जीप गेली. आबा ओट्यावर बसून राहिले, खुशीत. "डबा मांगून नेला. म्हन्जे जमलं."

डबा पुढच्या आठवड्यात नानांबरोबर परत आला. रिकामा.

आमच्या भागात डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, तीही नसली तर दोन दाणे. आईने झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं आणि नानांना विचारलं, "काय झालं?"

नाना म्हणाले, "वहिनी, मी त निरोप्या मानूस."

निरोप असा. त्या संध्याकाळी धुळ्याला पोहोचल्यावर आत्यांना उलट्या झाल्या. शेजारची कोणी म्हणाली, असला पिवळा पदार्थ अंड्याशिवाय फुलत नाही, आणि साचा साहेबलोकांच्या घरचा म्हणजे सरळच आहे. आत्यांनी माळ काढून ठेवली, उपास धरला, देवळात जाऊन आल्या. मुलाला मुलगी पसंत आहे. आत्याही मोठ्या मनाने पदरात घ्यायला तयार आहेत. फक्त आबांनी धुळ्याला यावं, पोरीकडून चूक झाली असं चार माणसांत म्हणावं आणि साचा टाकून दिल्याचं सांगावं. लगेच सुपारी फोडू.

मी नानांना विचारलं, "अंडं कोणी पाहिलं?"

"पाहाचं काय त्याच्यात? उलटी झाली ना."

"जीपमध्ये एवढा प्रवास. त्याआधी किती खाल्लं ते तुम्ही पाहिलं. डबा रस्त्यात कोणी संपवला?"

नानांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, "भाऊ, हे तुमचं पेपरवाल्याचं काम नाही. हे सोयरिकीचं काम आहे."

आमच्या डेस्कवर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई की ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारल्याशिवाय ओळ छापायची नाही. दारूच्या अड्ड्यावर धाड पडली तरी अड्डेवाल्याचं म्हणणं घ्यायचं. इथे पीठ कालवणारी बाई आणि साचा जाळणारी बाई एकाच खोलीत होत्या. दोघींना कोणीही काही विचारलं नव्हतं. निरोप आबांना आला होता आणि उत्तर आबांनी द्यायचं होतं.

आबा म्हणाले, "एका शब्दाचा सवाल आहे. बोलून टाकू."

आई उभी राहिली. "माह्या चुलीवर अंडं शिजलं म्हन्जे मी शिजवलं. मग माही माळ काढा आधी."

"तुले कोन म्हनते?"

"तुम्ही म्हनता. तिथं जाऊन तुम्हीच म्हननार."

अक्का आतापर्यंत दारात उभी होती. तिने आवाज चढवला नाही. "आबा, तुम्ही हो म्हटलं तर ते घर माझं होईल आणि जन्मभर त्या घरात मी अंडं खाऊ घालणारी राहीन. मी केलं असतं तर मीच मान्य केलं असतं. केलं नाही."

"सोयरीक मोडंल."

"मोडू द्या."

"आन् मग पुढची? हे सगळीकडं होईल. तुले कोन पाहाले येईल?"

खरा प्रश्न हा होता आणि तो आबांनी मोठ्याने विचारला, हे बरं झालं. खोटं कबूल केलं तर लग्न होणार होतं. नाकारलं तर लग्न मोडणार होतं आणि वर ती गोष्ट खरी असल्यासारखी जामनेरपासून बोदवडपर्यंत फिरणार होती. अक्का सव्वीस वर्षांची होती. त्या काळी आमच्याकडे या वयाला लोक उशीर म्हणत.

आबांनी दोन दिवस विचार केला आणि धुळ्याला जायचं ठरवलं. काय बोलणार हे सांगितलं नाही. अक्का म्हणाली, मीही येते. आबा चिडले. लग्नाआधी मुलीने त्या घरी जायचं नसतं. आई म्हणाली, "केलं तिनं. बोलंल बी तीच." आणि तोच डबा तिने पुन्हा भरला. सकाळचे ताजे वॉफल, वर केळीच्या पानाचा तुकडा.

एस. टी. ने जळगाव, तिथून गाडी बदलून धुळे. आम्ही तिघे. धुळ्याच्या स्टँडवर मुलगा आम्हाला घ्यायला आला होता. अक्काला पाहून चपापला, पण चांगलं बोलला. घर जवळ होतं, चालत निघालो. वाटेत तो आबांच्या बाजूने चालू लागला आणि धीर द्यावा तशा आवाजात म्हणाला, "आबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका. अंडं नव्हतं हे मला माहीत आहे."

आबा थांबले. "तुले कसं माहीत?"

तो हसला. "होस्टेलला असताना रोज आम्लेट खायचो. आताही ऑफिसबाहेरच्या गाडीवर कधीतरी. अंड्याचा वास मला लगेच कळतो. तुमच्या त्या पदार्थात नव्हता."

"मग घरी सांगितलं नाही?"

"कसं सांगणार? म्हणतील, तुला काय माहीत वास कसा असतो." पुन्हा हसला. "आत्या हट्टी आहे. तुम्ही एक शब्द बोला, विषय संपला. लग्नानंतर कोण विचारतंय?"

रस्त्यावर माणसं जात-येत होती. एक टांगा आमच्याजवळून गेला. अक्का म्हणाली, "म्हणजे तुमचं झाकायला माझ्यावर घालायचं."

"तसं नाही हो. तुम्ही उगाच..."

"मग कसं?"

तो पुन्हा चालू लागला. आपण काही वाईट बोललो असं त्याला वाटलेलंही दिसत नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला. तो दुष्ट नव्हता. त्याला वॉफल आवडले होते, अक्का आवडली होती, खरं काय ते पक्कं ठाऊक होतं, आणि ते सांगण्याची त्याला गरज वाटत नव्हती. कारण न सांगण्याची किंमत दुसऱ्याच कोणाला पडणार होती.

घरात चारऐवजी दहा-बारा माणसं जमवलेली होती. आत्या मधोमध खाटेवर. अक्काला सोबत आणलेलं पाहताच म्हणाल्या, "हाई काय! पोरले संगे कसाले लई उनात?"

अक्काने डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला. "त्या दिवशीसारखेच आहेत. तसेच केलेले. यात अंडं नाही, तेव्हाही नव्हतं."

"माले काय माहीत त्याम्हा काय व्हतं! माले पित्त उठनं, इतलंच माले माहीत."

"मग लोकांना इतकंच सांगायचं होतं. अंडं कुठून आलं?"

खोलीत कुजबुज झाली. मुलाचे वडील आबांकडे वळले. "आबा, तुम्ही मोठे. पोरीचं सोडा. तुम्ही बोला."

मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. आबा म्हणाले, "अंडं नव्हतं. माह्या घरात झालं नाही ते मी कबूल करनार नाही. येतो."

चहा यायच्या आत आम्ही उठलो. मुलाबद्दल एक अक्षर ते बोलले नाहीत. अक्काही नाही, मीही नाही. त्या तरुण माणसाचं गुपित आम्ही तिघांनी त्याच्या घरात सांभाळलं.

ओसरीतून उतरताना मुलाची आई मागच्या दाराने आली. हातात आमचा डबा. तो तिने अक्काला दिला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेली.

पारोळ्याच्या अलीकडे अक्काने डबा उघडला. वॉफल नव्हते. तळाशी साखर होती, मूठभर.

आबा म्हणाले, "पाहिलं का? साखर घातली माउलीनं."

अक्का खिडकीबाहेर पाहत होती. "घातली. बोलल्या नाहीत."

घरी पोहोचल्यावर तिने ती साखर परसात मुंग्यांच्या वारुळापाशी टाकली, डबा घासला आणि फळीवर जागेला ठेवला.

पुढे व्हायचं तेच झालं. पहूरचे लोक धुळ्याला माफी मागायला गेले होते आणि त्यांना हाकलून दिलं, असं आमच्याच नात्यात सांगितलं जाऊ लागलं. मला जामनेरच्या बाजारात एका माणसाने, मी कोण हे न ओळखता, ती गोष्ट सांगितली. त्यात अंडी दोन डझन झाली होती. मुलाचं लग्न त्याच उन्हाळ्यात नाशिककडच्या मुलीशी झालं. त्याच्याबद्दल कोणी कधी काही म्हणालं नाही.

अक्काला पुढचं स्थळ यायला वेळ लागला. आलं ते बोदवडचं. आदल्या रात्री आबा म्हणाले, या वेळी पोहे करा, बाबांनो. अक्काने दही काढलं आणि पीठ भिजवलं. सकाळी पाहुणे बसले, तेव्हा तिने ताटं पुढे करण्याआधी दारात उभं राहून गव्हाच्या पिठापासून सोड्यापर्यंत सगळं सांगितलं, साचा कुठला तेही, आणि आईने तो कसा जाळला तेही. एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "पोरी, हे आम्ही इचारलं कुठं?"

"तुम्ही विचारलं नाही," अक्का म्हणाली, "म्हणूनच सांगितलं."